सांगकाम्याची ओळख: शाळेतल्या ‘संगणकीय विचारा’ची समीक्षा



आजच्या विषयाच्या नावात ‘समीक्षा’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून घातला आहे. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याची समीक्षा ही काय भानगड, असं कुणालाही वाटेल. पण ही कल्पना आमची नाही. सीमोर पेपर्ट यांनी १९८७ साली एका लेखात म्हटलं होतं की साहित्याला जशी समीक्षा असते तशी संगणकालाही असली पाहिजे. आणि समीक्षा म्हणजे निषेध नव्हे, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केलं होतं. साहित्याचा समीक्षक साहित्याच्या विरोधात नसतो. हे जे लिहिलं आहे ते काय करतं, कसं करतं, कुणासाठी करतं, एवढंच तो विचारतो. तेच प्रश्न आज आपण शाळेतल्या ‘संगणकीय विचारा’ला विचारू.

आत्ताच का? तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये गणिती विचाराच्या जोडीला संगणकीय विचारावर भर द्या असं सांगितलं आहे, आणि कोडिंगच्या कृती माध्यमिक टप्प्याच्या आधीच, म्हणजे सहावी ते आठवीत, आणा असंही. तेव्हापासून हा शब्द अभ्यासक्रमात आला, पाठ्यपुस्तकांत आला, आणि अर्थातच जाहिरातींतही आला.

आपल्याकडे शाळेत संगणक नवा नाही. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात काही शाळांत बीबीसी मायक्रो ही यंत्रं आली. पुढे महाराष्ट्रात एमएस-सीआयटी घराघरांत पोचलं. त्या लाटेत लोकांनी संगणक वापरायला शिकलं: पत्र टाइप करणं, तक्ता भरणं, ईमेल पाठवणं. आता म्हणतात, वापर पुरे, विचार शिकवा. ही दिशा योग्यच आहे. मग विचार म्हणून वर्गात नेमकं काय शिकवलं जातंय, तेवढं पाहू या.

या शब्दाला आजचं वलय मिळालं ते जेनेट विंग यांच्या २००६ च्या एका छोट्या लेखामुळे. तसा हा शब्द पेपर्ट यांच्या १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकातही आहे, पण तो गाजवला विंगबाईंनी. त्यांचं म्हणणं असं, की संगणकशास्त्रज्ञ जसा विचार करतो तो विचार सगळ्यांनाच यायला हवा; वाचन, लेखन, अंकगणित यांच्या पंगतीत त्याला बसवा. संगणकीय विचार म्हणजे प्रोग्रॅमिंग नव्हे, असंही त्या बजावतात. लेख उत्साही आहे, वाचनीय आहे. त्याने अनेक देशांतल्या धोरणकर्त्यांना हलवलं, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

आता त्यातली उदाहरणं बघा. मुलगी सकाळी दप्तरात दिवसभर लागणाऱ्या वस्तू भरते, तर ते ‘प्रीफेचिंग आणि कॅशिंग’. मुलाचे हातमोजे हरवले, तो आल्या वाटेने मागे जात शोधतो, तर ते ‘बॅकट्रॅकिंग’. दुकानात कुठल्या रांगेत उभं राहावं हे आपण ठरवतो, तेही संगणकशास्त्रच.

आमचा पहिला आक्षेप इथे आहे. आजी चष्मा शोधताना म्हणते, “देवघरात होता, मग ओट्याशी गेले, मग अंगणात.” आणि उलट क्रमाने जाऊन चष्मा शोधून काढते. तिच्या या शोधाला इंग्रजी नाव दिल्याने आजीला काय नवीन आलं? काहीच नाही. ती आधीपासूनच करत होती ते आता शास्त्र झालं, इतकंच. माणसाच्या शहाणपणाला तांत्रिक नाव चिकटवणं म्हणजे विचार शिकवणं नव्हे. ते बारसं झालं.

आणि शाळेत पोचता पोचता या बारशाचंही पाठांतर होतं. संगणकीय विचाराचे चार घटक कोणते? विघटन, आकृतिबंध ओळखणे, अमूर्तीकरण, अल्गोरिदम. चार गुण. व्याख्या लिहा, दोन गुण. अल्गोरिदमचं उदाहरण द्या: चहा करण्याची कृती. हा चहा तर जगभरच्या पुस्तकांत कुठल्या ना कुठल्या रूपात उकळतोय.

या चहाकडे जरा नीट पाहू. ‘पाणी घ्या, साखर घाला, पूड घाला, उकळू द्या, दूध घाला, गाळा.’ पाणी किती? उकळू द्या म्हणजे कुठवर? उतू जायला लागला तर? ही कृती चालते, कारण करणारा माणूस असतो. त्याने हजारदा चहा पाहिलेला असतो, सांगणाऱ्याने गाळलेल्या जागा तो आपल्या अकलेने भरतो. म्हणजे जी गोष्ट अल्गोरिदममध्ये चालत नाही, नेमकं तीच गृहीत धरून मुलाला सांगितलं जातं की हा अल्गोरिदम. शिक्षकाने हेच उलटवलं, मुलांनी लिहिलेली कृती हातात घेऊन शब्दशः तेवढंच केलं, न सांगितलेलं काहीही केलं नाही, तर तोच चहा सुंदर धडा होतो. पातेलं गॅसवर, पण गॅस पेटवायला कुणी सांगितलंच नाही! वर्गात हशा पिकेल, आणि त्या हशात सगळं शास्त्र आहे.

आता आमचा मुख्य मुद्दा. पुढे विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी नेमकी व्याख्या केली, तिच्यात एक घटक आहे जो चार शब्दांच्या यादीतून गळून पडतो. व्याख्येचा आशय असा: प्रश्न आणि त्याचं उत्तर अशा रूपात मांडायचं की ते एखाद्या कर्त्याला, म्हणजे माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या कुणालातरी, प्रत्यक्षात पार पाडता येईल. हा जो ‘कर्ता’, तोच खरा गाभा. पीटर डेनिंग यांच्यासारखे जुने संगणकशास्त्रज्ञ हीच टीका करत आले आहेत: समोर कुठलं यंत्र आहे, त्याला काय करता येतं, हे बाजूला ठेवलं तर नुसत्या पायऱ्या लिहिण्याला संगणकीय विचार म्हणता येणार नाही.

मराठीत या कर्त्याला फार चांगलं नाव आहे: सांगकाम्या. जितकं सांगाल तितकंच करणारा, हेतू न ओळखणारा, कंटाळा न करणारा. त्याच्या गोष्टी ऐकून आपण लहानपणी हसलोय. त्या गोष्टीत गंमत कशाची असते? सांगणाऱ्याच्या मनातलं आणि शब्दातलं अंतर सांगकाम्या उघडं पाडतो. प्रोग्रॅमिंग शिकणं म्हणजे ते अंतर पाहायला शिकणं. आमचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर: सांगकाम्याची ओळख करून न देता संगणकीय विचार शिकवता येत नाही.

हा आमचा तर्क झाला. संशोधन काय म्हणतं? रॉय पी यांनी १९८६ मध्ये नवशिक्या विद्यार्थ्यांच्या चुकांचा अभ्यास मांडला. त्यांना असं दिसलं की भाषा कुठलीही असो, बऱ्याच चुकांच्या मुळाशी एक समजूत असते: यंत्राच्या आत कुठेतरी एक मन आहे, आणि मला काय म्हणायचंय ते त्याला कळतं. बेनेडिक्ट द्यु बुले यांनी तर म्हटलं की विद्यार्थ्याच्या डोक्यात यंत्राचं एक कामचलाऊ चित्र तयार करून देणं हेच शिक्षकाचं काम. ते चित्र खरं हार्डवेअर नसेल तरी चालेल. पण त्यावरून पुढे काय होणार हे बरोबर सांगता आलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. ‘जोपर्यंत बादली भरत नाही तोपर्यंत भांड्याने पाणी ओत.’ बादली १० लिटरची, भांडं ३ लिटरचं. माणूस काय करेल? तीन भांडी पूर्ण ओतेल, चौथं थोडं कलतं करेल, बादली काठोकाठ भरली की थांबेल. यंत्र काय करेल? ३ झाले, भरली का? नाही. ६ झाले, नाही. ९ झाले, नाही. मग चौथं भांडं पूर्ण ओतणार, १२ लिटर, आणि मग विचारणार, भरली का? दोन लिटर पाणी जमिनीवर. आपल्याला वाटतं ‘जोपर्यंत’ म्हटल्यावर यंत्र सतत बादलीकडे डोळे लावून बसलंय. ते तसं बसत नाही. फेरी पूर्ण झाल्यावर एकदा बघतं. इंग्रजीतल्या ‘व्हाइल’ने इंग्रजी मुलं याच खड्ड्यात पडतात, मराठीतल्या ‘जोपर्यंत’ने आपली. अडचण इंग्रजी येत नाही ही नाही. माणसांची भाषा येते, ही आहे!

दुसरं उदाहरण चलाचं. चल म्हणजे वाटी, त्यात किंमत ठेवायची, असं बऱ्याच ठिकाणी शिकवलं जातं. मग प्रश्न येतो: ‘अ’मध्ये ५ आहेत, ‘ब’मध्ये ७. आता ‘अ = ब’ अशी आज्ञा दिली. ‘ब’मध्ये काय उरलं? वाटीचं चित्र डोक्यात असलेलं मूल म्हणणार, काही नाही, रिकामी. कारण वाटीतलं ताक दुसऱ्या वाटीत ओतलं की पहिली वाटी रिकामीच होते. त्या मुलाचा तर्क चोख आहे, चित्र चुकीचं आहे. इथे वाटीपेक्षा पाटी बरी. एका पाटीवर ५ लिहिलंय, दुसरीवर ७. ‘अ = ब’ म्हणजे दुसऱ्या पाटीवरचं बघून पहिलीवर लिहायचं. दुसरीवरचं जसंच्या तसं राहतं, पहिलीवरचं ५ मात्र पुसलं जातं, आणि पुसलं ते गेलं. दोन्ही पाट्यांवरचे आकडे अदलाबदल करायचे तर तिसरी पाटी का लागते, हे मग मूल आपणहून सांगतं. आणि ‘क = क + १’ पाहून गणिताच्या तासाला शिकलेलं मूल दचकतं, ते योग्यच दचकतं. समीकरण म्हणून ते खोटं आहे. ‘पाटीवरचं वाच, एक मिळव, पुसून परत लिही’ म्हणून ते खरं आहे.

पेपर्ट यांचं मोठेपण इथे कळतं. ते जिनिव्हात पियाजे यांच्याबरोबर काम करून एमआयटीत आले. वॉली फर्झिग, सिंथिया सॉलोमन आणि त्यांनी मिळून १९६७ मध्ये लोगो ही भाषा केली. पुढे त्या भाषेत एक कासव आलं. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ असं चार वेळा सांगितलं की चौकोन. आता मुलांना समभुज त्रिकोण काढायला सांगा. बहुतेक मुलं लिहितात, ‘पुढे १००, उजवीकडे ६०’, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे पाठ आहे. आणि त्रिकोण होत नाही. तसंच पुढे चालवत राहिलं तर षट्कोन होतो. मग शिक्षकाने म्हणायचं, “ऊठ, तूच कासव हो, चालून बघ.” मूल चालतं, वळतं आणि त्याच्या लक्षात येतं की आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो: १२०. तीनदा १२० म्हणजे ३६०, पुन्हा मूळ दिशेला तोंड. चौकोनालाही ३६०, षट्कोनालाही ३६०. इथे सांगकाम्या मूल स्वतःच झालं. आणि चूक काय ठरली? लाल शाईचा गोळा नाही ठरली. बघण्यासारखी वस्तू ठरली. ६० ने षट्कोन का झाला, हा प्रश्न बरोबर उत्तरापेक्षा जास्त शिकवून गेला.

पण पेपर्टनाही सूट देऊन चालणार नाही. मुलाला चांगलं साधन द्या, ते आपणच शोधून शिकेल, अशी आशा त्यांच्या पुस्तकातून अनेकांनी घेतली. रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ च्या सुमारास पाहिलं, तर लोगो शिकलेली मुलं नियोजनाच्या कामात इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. यावर पेपर्ट यांनी रागावून उत्तर दिलं, ते म्हणजेच सुरुवातीला सांगितलेला लेख. त्यांचा मुद्दा असा, की ‘लोगोचा परिणाम काय’ हा प्रश्नच चुकीचा. परिणाम साधनाचा नसतो, त्याभोवती उभ्या राहिलेल्या वर्गाच्या संस्कृतीचा असतो. मुद्दा खरा आहे. पण मग ती संस्कृती उभी करणारा शिक्षक लागतो, आणि त्याला वेळ आणि प्रशिक्षण लागतं, हेही तितकंच खरं.

अलीकडचा पुरावाही याच दिशेचा आहे. इंग्लंडमधल्या कोड क्लबांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ-दहा वर्षांची मुलं, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एका गटाला वर्षभर क्लब. क्लबातली मुलं कोडिंगमध्ये पुढे गेली; संगणकीय विचाराच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मोठ्यांचं काय? २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांत, प्रोग्रॅमिंगचा पहिला टप्पा झालेल्या विद्यार्थ्यांना प्रश्न सोडवायला दिले. सरासरी आली ११० पैकी २३ च्याही आत. पुढे २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि मंडळींनी दाखवलं की अनेकांना लहानशी तयार आज्ञावली वाचून तिचं उत्तर काय येईल हेदेखील धड सांगता येत नव्हतं. म्हणजे आपण निबंध लिहायला सांगत होतो, आणि वाचन शिकवायचं राहून गेलं होतं.

याचा अर्थ कोडिंग बंद करा असा कुणी काढू नये. अर्थ एवढाच, की विचार हा कोडिंगबरोबर फुकट मिळत नाही. तो वेगळा, समोर ठेवून, नाव घेऊन शिकवावा लागतो.

मग करायचं काय? आम्हाला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तिन्हींना संगणक कमी लागतो, शिक्षक जास्त.

पहिली: लिहिण्याआधी वाचन. इंग्लंडमध्ये सू सेंटन्स यांनी मांडलेली एक पद्धत आहे. तिच्या पाच पायऱ्या मराठीत अशा सांगता येतील: भाकीत करा, चालवून बघा, तपासा, बदला, मग स्वतः बनवा. तयार आज्ञावली फळ्यावर लिहा, प्रत्येकाने वहीत उत्तराचं भाकीत लिहायचं, मगच चालवायची. भाकीत चुकलं तिथे डोक्यातलं चित्र चुकलं. चाळीस मुलांत एक संगणक असला तरी हे करता येतं.

दुसरी: गणिताच्या पुस्तकात आधीच असलेला अल्गोरिदम ओळखणं. मसावि काढायची भागाकार पद्धत आपण सगळे शिकलो. २५२ ला १०५ ने भागा, बाकी ४२. १०५ ला ४२ ने, बाकी २१. ४२ ला २१ ने, बाकी शून्य. मसावि २१. ही युक्लिडची पद्धत, आणि हाच उलटसुलट भागाकार आर्यभटाच्या कुट्टकातही आहे. आमच्या पूर्वजांकडे संगणक होता असं सांगायला आम्ही आलेलो नाही. चांगली पद्धत यंत्राच्या आधीही असू शकते, इतकंच. वर्गात विचारायचे प्रश्न असे: हे थांबेलच याची खात्री कशी? (बाकी दर वेळी लहान होते, आणि शून्याखाली जाऊ शकत नाही.) अवयव पाडूनही मसावि येतो, मग मोठ्या संख्यांना ही पद्धत का बरी? तसंच १ ते १०० मधली संख्या ओळखण्याचा खेळ. दर वेळी मधली संख्या विचारली तर सात प्रश्न पुरतात. १००० पर्यंत दहा, दहा लाखांपर्यंत वीस. मग विचारा: हजेरीपटातली नावं अक्षरक्रमाने लावलेली नसतील तर ही युक्ती चालेल का? नाही चालणार. का? इथे विचार सुरू झाला. न्यूझीलंडच्या टिम बेल यांचं ‘अनप्लग्ड’, लिथुएनियात सुरू झालेली बेब्रास स्पर्धा, ती भारतात चालवणारा एसीएम इंडियाचा सीएसपाठशाला उपक्रम, यांनी अशा संगणकाविना कृतींचा मोठा साठा तयार केला आहे. फक्त तेवढ्यावर थांबू नये. कधीतरी मुलाने खरोखरच्या सांगकाम्याला आज्ञा द्यायला हवी, कारण मित्र समजून घेतो, यंत्र घेत नाही.

तिसरी: भाषा. पायथनसारख्या भाषेत सुरुवातीला लागणारे इंग्रजी शब्द मोजून वीसेक. ते मराठी माध्यमाचं मूल आठवड्यात शिकतं. चलांची नावं तर पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात: बेरीज, गुण, फेरी. अडतं ते दुसरीकडे. चूक झाली की यंत्र इंग्रजीत काहीतरी सांगतं, आणि शिक्षक ती ओळ न वाचता म्हणतात, “पुन्हा टाइप कर.” ती ओळ मोठ्याने वाचून मराठीत उलगडणं, हा अख्खा तास होऊ शकतो. स्क्रॅचसारख्या ठोकळ्यांच्या भाषेने वाक्यरचनेच्या चुकांचा त्रास वाचवला, हे उत्तम झालं. पण ठोकळे नीट बसले म्हणजे विचार बसला असं नाही. बादली तिथेही उतू जाते.

आता शेवटचं. एवढा आटापिटा कशासाठी? नोकरीसाठी, असं जाहिराती सांगतात. सगळी मुलं प्रोग्रॅमर होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. आमच्या मते कारण वेगळं आहे. समजा, उत्तीर्ण कोण हे ठरवणारी आज्ञा कुणी लिहिली: ‘गुण ३५ पेक्षा जास्त असतील तर पास.’ बरोबर ३५ मिळवणारी मुलगी नापास! यंत्र चुकलं नाही. लिहिणाऱ्याने ‘३५ किंवा जास्त’ लिहिलं नाही, इतकंच. आज शिष्यवृत्तीपासून रेशनपर्यंत किती निर्णय अशाच ओळींमधून जातात. आणि खिडकीपलीकडचा माणूस आपल्याला काय सांगतो? “कॉम्प्युटरच घेत नाही हो.” हे वाक्य आकाशवाणीसारखं ऐकून परत फिरणारा नागरिक, आणि “हा नियम कुणी लिहिला, कसा लिहिलाय, ३५ वाल्याचं काय होतं ते दाखवा,” असं विचारणारा नागरिक, यांत जो फरक आहे, तो शाळेत घडवायचा आहे. शहरातल्या महागड्या क्लासला जाणारी मुलं तो प्रश्न कुठून ना कुठून शिकतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीला शाळेनेच शिकवला नाही, तर दुसरं कुणी शिकवणार नाही.

सांगकाम्या आता घरोघर पोचला आहे. त्याला कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं, हे आपल्या मुलांना ठाऊक असलं पाहिजे. आणि सांगणारे आपणही होऊ शकतो, हेसुद्धा. चार घटकांची व्याख्या पाठ नसली तरी चालेल.